२०२ पैकी ७, पण कोणते ७?

४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमधली अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली आणि पुढे ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. वाळवंटात फसलेली हेलिकॉप्टरची मोहीम, निर्बंध, अल्जीरियाची मध्यस्थी हे सगळं आपण वाचलेलं असतं. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे. वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्यात फोर्ट मीड नावाचा लष्करी तळ आहे. तिथल्या एका जुन्या लाकडी इमारतीत काही माणसं शांत पडून राहायची. ओलीस कुठल्या खोलीत आहेत, कुणाची तब्येत कशी आहे, पहाऱ्यावर किती जण आहेत हे मनाने 'बघून' सांगायची. समोरचा माणूस ते लिहून घ्यायचा. हे कुठल्या बाबाच्या मठात चाललेलं नव्हतं. सरकारी पगारावर, सरकारी शिक्क्याने, 'अतिगोपनीय' लिहिलेल्या फायलीत चाललं होतं.

नंतर अमेरिकेच्या संयुक्त लष्करप्रमुखांच्या कार्यालयात या सांगण्याचा ताळा केला गेला. एकूण अहवाल २०२. त्यातले ७ बरोबर ठरले. ५९ अंशतः बरोबर, किंवा 'बरोबर असू शकेल' असे. निम्म्याहून जास्त साफ चुकीचे.

लोक हा आकडा वाचून हसतात. मला हसू आलं नाही, थोडा हेवा वाटला. कारण कुणीतरी मोजलं होतं. आपल्याकडे कोण मोजतं?

आता हा विषय मुळातून सांगतो, म्हणजे मी कुठे येतोय ते कळेल.

या प्रकाराला इंग्रजीत रिमोट व्ह्यूइंग म्हणतात. शब्दशः मराठी केलं तर 'दूरदर्शन' होईल, पण ते नाव आपण आधीच देऊन बसलोय. जागेवर बसून लांबचं ठिकाण बघणं, म्हणजे महाभारतातल्या संजयाला जे जमत होतं ते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरोल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या दोन लेझरवाल्या भौतिकशास्त्रज्ञांनी याचे प्रयोग सुरू केले. पैसा सीआयएचा. रशियावाले असं काही करतायत, आपण मागे राहायला नको, ही भीती. पुढे प्रकल्प सीआयएकडून लष्कराकडे, तिथून संरक्षण गुप्तवार्ता खात्याकडे गेला. नावं बदलत गेली: गाँडोला विश, ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि शेवटी स्टार गेट. वीसेक वर्षं आणि सुमारे २ कोटी डॉलर. १९९५ मध्ये बंद.

यात चमत्कार खरा की खोटा, हा वाद मला आज घालायचाच नाही. तो वाद चहाच्या टपरीवर रोज होतो आणि रोज तिथेच संपतो. माझा मुद्दा वेगळा आहे. समजा, एखाद्याला खरंच दिसतं. तर ते दिसणं किती वेळा बरोबर येतं, हे कळण्यासाठी वही कशी आखायची? रकाने कोणते? लिहिणार कोण, मार्क देणार कोण? संगणकाच्या भाषेत, डेटाबेस कसा बांधायचा? अमेरिकेचा वीस वर्षांचा सगळा खटाटोप शेवटी या प्रश्नावर येऊन अडकला, आणि आमच्या तालुक्यातले प्रश्नही इथेच अडकतात.

सगळ्यात गाजलेली केस पॅट प्राइसची. हा कॅलिफोर्नियातला माजी पोलीस अधिकारी. जुलै १९७४ मध्ये त्याला फक्त अक्षांश-रेखांश दिले आणि हे शास्त्रीय-लष्करी संशोधनाचं ठिकाण आहे एवढंच सांगितलं. जागा होती सेमिपलातिन्स्क, तेव्हाच्या सोव्हिएत संघातली, आज कझाकस्तानात. प्राइसने इमारतीवरून रुळांवर सरकणाऱ्या एका प्रचंड क्रेनचं चित्र काढलं. उपग्रहाच्या फोटोत तशी क्रेन खरोखर होती. आजही या विषयावरच्या प्रत्येक व्हिडिओत ते चित्र आणि तो फोटो शेजारी-शेजारी दाखवतात. अंगावर काटा येतो, मान्य.

पण प्राइस त्या बैठकांमध्ये क्रेन सांगून गप्प बसला नव्हता. बाकीही खूप काही सांगितलं होतं, आणि त्यातलं बहुतेक तिथे नव्हतंच. सीआयएच्याच अधिकाऱ्याने, केनेथ क्रेस यांनी, १९७७ मध्ये खात्याच्या अंतर्गत नियतकालिकात हे लिहून ठेवलंय. क्रेन जगभर फिरली. उरलेली यादी फायलीत राहिली.

म्हणून वहीचा पहिला रकाना मी असा ठेवीन: माणूस जे बोलला ते सगळं, जसंच्या तसं, खाडाखोड न करता. आपल्याकडे पंचनामा करतात ना, तसं. वेळ, जागा, हजर माणसं, सह्या. नंतर कुणाला 'मला असं म्हणायचं होतं' असं वाटलं तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेने. हे सांगायला सोपं आहे. स्टार गेटमध्ये हेच पाळलं गेलं नाही. १९९५ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने सीआयएसाठी प्रकल्पाचं मूल्यमापन केलं, तेव्हा लोकांशी बोलल्यावर कळलं की काही अहवाल आधीच ठाऊक असलेल्या माहितीशी जुळावेत म्हणून बदलले जायचे. खोटेपणा करायचा म्हणूनच असं नाही. वरिष्ठाकडे जाणारा कागद नीटनेटका दिसावा, ही कारकुनी सवय असते. पण तिने वही मेली.

दुसरा रकाना त्याहून महत्त्वाचा: सांगणाऱ्याला आधी काय माहीत होतं? त्याच मूल्यमापनात असं आढळलं की जिथे निशाणा फार अचूक लागला असं वाटत होतं, तिथे सांगणाऱ्याला वरवर दिसतं त्यापेक्षा बरीच जास्त पार्श्वभूमी मिळालेली होती. आता 'अमुक सैनिक पळून गेलाय, कुठे असेल?' असं विचारलं की प्रश्नातच निम्मं उत्तर असतं. माणूस बायकोच्या माहेरी जातो, बहिणीकडे जातो, जुन्या मित्राकडे जातो. यासाठी दिव्य दृष्टी लागत नाही, ठाण्यातला जुना हवालदार लागतो.

हा 'आधी काय माहीत होतं' प्रकार किती बारीक असतो याचा एक नमुना सांगतो. टार्ग आणि पुटहॉफ यांचा निबंध १९७४ मध्ये 'नेचर' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. पद्धत साधी होती. एकजण गाडी घेऊन शहरातल्या कुठल्यातरी ठिकाणी जायचा, दुसरा बंद खोलीत बसून ते ठिकाण वर्णन करायचा. शेवटी एक परीक्षक वर्णनांचे कागद आणि ठिकाणांची यादी घेऊन जुळवणी करायचा. जुळण्या फार चांगल्या आल्या. मग न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी स्वतः असे पस्तीस प्रयोग केले. त्यांना काहीच मिळालं नाही. म्हणून मार्क्स मूळ कागदांच्या मागे लागले. कागदात काय होतं? 'कालची दोन ठिकाणं', आधीच्या जागेचा उल्लेख, अशा खुणा. म्हणजे हा कागद कितव्या दिवसाचा ते कळत होतं. आणि परीक्षकाला दिलेली ठिकाणांची यादी ज्या क्रमाने भेटी झाल्या त्याच क्रमाने होती! मार्क्स यांनी एकही जागा न बघता, नुसत्या या खुणांवरून, कागद आणि ठिकाणं जुळवून दाखवली.

कुणी लबाडी केली नव्हती. यादीचा क्रम बदलायचं राहून गेलं, एवढंच. दहावीच्या पेपरला बारकोडचं स्टिकर का लावतात, हे ज्यांना कळतं त्यांना हेही कळेल.

मार्क्स-कॅमन यांच्या पस्तीस प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. वर्णन करणाऱ्याला नंतर प्रत्यक्ष जागेवर नेलं की तो चकित व्हायचा: 'अरे, हे तर मी सांगितलेलंच!' त्याची खात्री पटलेली असायची. पण तेच कागद तटस्थ परीक्षकाकडे गेले की जुळणी होत नव्हती. उत्तर डोळ्यांसमोर असताना आपण वाक्य वाचतो आणि मन गाठी मारत सुटतं. 'काहीतरी उंच, जवळ पाणी, गोलाकार.' पाण्याची टाकी? उंच. मंदिर? उंच, शेजारी बारव. साखर कारखाना? चिमणी उंच आणि मळीचं पाणी. बोलाफुलाला गाठ पडते, कारण बोलच असे निवडलेले असतात की कुठल्याही फुलाला पडावी.

आता तालुक्यात येतो, कारण याच कारणासाठी लिहायला बसलोय.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा घरातून निघून गेला. बातमी मीच दिली होती. घरच्यांनी तक्रार दिली आणि त्याच संध्याकाळी नातेवाइकांनी त्यांना शेजारच्या तालुक्यातल्या एका 'बघणाऱ्या'कडे नेलं. त्याने तांदळाचे दाणे टाकले आणि सांगितलं: पाण्याजवळ आहे, दगड दिसतोय, दिशा उत्तर. गावाच्या उत्तरेला कालवा. दोन दिवस सगळं गाव कालव्याच्या कडेने. पोरं पाण्यात उतरली, गळ टाकले. आई काठावर बसून होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. ठाण्यातले लोकही तिथेच, कारण गर्दी तिथे. बसस्थानकासमोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज कुणी मागायला गेलं तोवर त्यावर नवं चढलं होतं. मुलगा अकरा दिवसांनी सापडला. गुजरातेत एका हॉटेलात कपबशा विसळत होता. तिथल्याच एका मराठी ड्रायव्हरने व्हॉट्सअॅपवरचा फोटो ओळखला.

आता गंमत बघा. आठवड्याभरात गावात चर्चा काय? 'महाराजांनी सांगितलेलंच, पाण्याजवळ. हॉटेलात पाण्यातच काम करत होता की!' आणि गुजरात आमच्या उत्तरेलाच आहे. दगडाचं काय विचारलं तर एकाने सांगितलं, ओटा दगडी असणार.

त्या माणसाच्या नावावर गावाने 'बरोबर' अशी नोंद केली. तोंडी वहीत. दोन दिवस कालव्यावर गेले, फुटेज गेलं, त्या बाईने पोराचं प्रेत मनात बघून घेतलं, यासाठी त्या वहीत रकानाच नाही.

फोर्ट मीडच्या लोकांना हा प्रश्न कळत होता, असं कागदपत्रांवरून दिसतं. गुण कसे द्यायचे यावर तिथे आणि इतरत्र बरीच डोकेफोड झाली. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट जाह्न यांच्या प्रयोगशाळेने तीस हो-नाही प्रश्नांची यादी केली. चित्र घरातलं की बाहेरचं, त्यात पाणी आहे का, माणसं आहेत का, अशा धर्तीचे प्रश्न. वर्णनालाही तेच तीस प्रश्न, ठिकाणालाही तेच, मग जुळवा. कल्पना चांगली. शब्दांची नजाकत गेली, पण मोजता येऊ लागलं.

कॅलिफोर्नियातल्या गटाने पुढे दोन आकडे वेगळे काढले, आणि हे मात्र मनापासून दाद देण्यासारखं आहे. पहिला आकडा: ठिकाणी जे जे होतं त्यातलं किती या माणसाने सांगितलं? दुसरा: या माणसाने जे जे सांगितलं त्यातलं किती खरं होतं? ऐकायला एकच वाटतं. नाहीये. समजा ठिकाणी दहा गोष्टी होत्या, माणूस वीस बोलला, पाच जुळल्या. पहिला आकडा ५० टक्के, दुसरा २५ टक्के. जो सगळंच बोलतो, डोंगर, नदी, लोखंड, माणसं, धूर, त्याचा पहिला आकडा मस्त येतो आणि दुसरा पडतो. जो एकच सावध वाक्य बोलतो त्याचा दुसरा छान येतो, पहिला पडतो. दोन्हींचा गुणाकार केला की भोंगळपणाही पकडला जातो आणि अतिसावधपणाही. वरच्या माणसाचे झाले साडेबारा टक्के. आमच्या 'बघणाऱ्या'चा हिशेब असा कुणी केला असता तर? मुलगा सुरक्षित आहे, हॉटेल, काम, परराज्य, यातलं काहीही तो बोलला नव्हता.

आणखी एक युक्ती तिथे नियमित वापरली गेली. खरा फोटो एक आणि दिशाभूल करणारे चार, असे पाच परीक्षकापुढे ठेवायचे. खरा कुठला ते त्यालाही माहीत नाही. वर्णनाशी सगळ्यात जास्त जुळणारा पहिला, मग दुसरा, असे क्रम लावायचे. नुसत्या नशिबाने खऱ्या फोटोचा सरासरी क्रम तिसरा यायला हवा. सातत्याने त्याहून वर आला तर काहीतरी आहे. किती सोपं! आणि तरी यातही भोक पडलंच: १९९५ च्या मूल्यमापनात रे हायमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नंतरच्या प्रयोगांत परीक्षक म्हणून बसणारा माणूस प्रकल्पाचा प्रमुख स्वतःच होता. वही ठेवणारा, मार्क देणारा आणि निकालावर ज्याचं अनुदान अवलंबून तो, सगळे एकच. ग्रामपंचायतीत सरपंचानेच कामाचं मूल्यांकन करून बिल काढावं तसं.

हायमन यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला होत्या जेसिका अट्स, संख्याशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांचं मत उलटं. आकडे नशिबाच्या पलीकडचे आहेत, आणि इतर कुठल्याही विषयाला जी कसोटी लावतो ती लावली तर हे सिद्ध झालंय, असं त्या म्हणाल्या. अट्स काही ऐऱ्यागैऱ्या नव्हेत. पुढे त्या अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. प्रयोगशाळेतले आकडे नुसत्या योगायोगाने झटकता येत नाहीत, हे हायमन यांनाही मान्य होतं. ते कशामुळे आले, यावर दोघांचं जमलं नाही. मला दोघांचे अहवाल एकत्र वाचण्यासारखे वाटतात. विरोधी मताचे दोन जाणकार, तेच कागद, दोन्ही निष्कर्ष जाहीर. आपल्याकडे एखाद्या चौकशी समितीचा अहवाल असा बाहेर आलाय का, आठवून बघा.

पण एका गोष्टीवर मूल्यमापन स्पष्ट होतं. एवढ्या वर्षांत गुप्तवार्तेच्या एकाही कारवाईला या माहितीने दिशा दिली नव्हती. एकाही.

इथे परत त्या ७ वर येतो. समजा तुम्ही तेहरानच्या मोहिमेचे प्रमुख आहात. टेबलावर २०२ कागद आहेत. त्यातले ७ खरे आहेत, हे देवानेच येऊन तुम्हाला सांगितलं. उपयोग काय? कुठले ७ ते सांगायला देव तयार नाही. उरलेल्या १९५ पैकी एखादा धरून तुम्ही चुकीच्या इमारतीत माणसं उतरवलीत तर? प्रयोगशाळेत नशिबापेक्षा थोडं वर येणं ही मोठी बातमी असते. रणात तेवढ्यावर कुणी जीव टाकत नाही, टाकू नये. म्हणून माझ्या वहीत आणखी एक रकाना लागतोच: सांगणाऱ्याने तेव्हाच, उत्तर कळायच्या आधी, स्वतःच्या खात्रीचा आकडा लिहायचा. शंभरातले किती? आणि वर्षअखेरीस बघायचं की ज्या वेळी तो नव्वद म्हणाला त्या वेळी तो खरंच दहापैकी नऊ वेळा बरोबर होता का. हवामान खात्याच्या पावसाच्या अंदाजाला हीच कसोटी लावता येते. पावसाला लागते, मग साक्षात्काराला का नको?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९९५ मध्ये एक किस्सा सांगितला होता. त्यांच्या कारकिर्दीत आफ्रिकेत झाईरमध्ये एक विमान कोसळलं, सापडेना. एका बाईने समाधी लावून अक्षांश-रेखांश दिले, उपग्रहाचा कॅमेरा तिकडे वळवला आणि विमान सापडलं. माजी अध्यक्षच सांगतायत, आता बोला! मी एवढंच बोलतो: अशी एकूण किती विमानं, किती बायका, किती अक्षांश-रेखांश? एका ओळीची वही नसते. ती आठवण असते.

आता आमच्या धंद्याबद्दल, कारण तिथे बोट दाखवल्याशिवाय हे लिहिणं अर्धवट राहील. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर कोळशाच्या खाणीचा ढिगारा कोसळला. १४४ जण गेले, त्यात ११६ मुलं. आम्हाला हे आधीच जाणवलं होतं, असं सांगणारी माणसं पुढे आली. जॉन बार्कर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'च्या विज्ञान पत्रकाराला, पीटर फेअरली यांना, सोबत घेतलं आणि जानेवारी १९६७ पासून वर्तमानपत्राच्या कचेरीतच पूर्वसूचनांची नोंद सुरू केली. ज्याला काही जाणवेल त्याने आधी कळवायचं, पत्रावर तारीख-वेळ पडणार. पहिल्या वर्षात ४६९ सूचना आल्या. १८ खऱ्या धरल्या गेल्या, त्यातल्या १२ दोनच माणसांच्या. गुण अकरापैकी: वेगळेपणाला ५, अचूकतेला ५ आणि वेळेला १. वेळेला एकच! आपत्तीची सूचना द्यायची आणि कधी ते सांगितलं तर फक्त एक गुण. पत्रकार असून हे कसं सुचलं देव जाणे. आमच्याकडे वेळ चुकली तर बातमी रद्दी होते.

पण निदान त्यांनी ४६९ हा आकडा ठेवला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दर वर्षी नव्या वर्षाची भाकितं येतात, निवडणुकीच्या तोंडावर ज्योतिष्यांच्या मुलाखती येतात, दिवाळी अंकात पानंच्या पानं येतात. पुढच्या वर्षी त्याच पानावर 'मागच्या वर्षी काय म्हणालो होतो आणि काय झालं' असा तक्ता माझ्या तरी बघण्यात नाही. दहा जण दहा पक्ष जिंकवतात. निकालानंतर एकाची जाहिरात येते, नऊ जण गप्प. जाहिरात घेणारे आम्हीच.

आपल्याकडे अशी नीट वही एकदा ठेवली गेली, आणि ती पुण्यात. २००८ मध्ये जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांनी २०० कुंडल्या जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. कुंडल्यांना सांकेतिक क्रमांक देऊन त्या विद्यापीठात सुरक्षित ठेवल्या, म्हणजे कुठली कुणाची ते प्रयोग करणाऱ्यांनाही कळू नये. ५१ ज्योतिषी पुढे आले. प्रत्येकाला ४० कुंडल्या. फक्त एवढंच सांगायचं: हुशार की मतिमंद. नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतील असा प्रश्न. २७ जणांनी उत्तरं पाठवली, यश सुमारे ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या बघितल्या, १०२ बरोबर. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

यावर आक्षेप आले, यायलाच हवेत. जन्मवेळ आईवडिलांनी सांगितलेली, ती अचूक कशावरून? रास्त प्रश्न. पण मग रोज कुंडल्या घेऊन जी लग्नं मोडतात, त्यांच्या जन्मवेळा कुठल्या घड्याळातून येतात?

दुसरा आक्षेप अमेरिकेतही होता, इथेही आहे: मोजायला बसलं की शक्ती चालत नाही, अविश्वासाने ती मावळते. असेल बुवा. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने २००२ च्या सुमारास १८,००० पौंड खर्चून बंद पाकिटातले फोटो ओळखायचा प्रयोग केला, तेव्हा नावाजलेल्या मंडळींनी यायला नकार दिला आणि नवख्यांवरच भागवावं लागलं. हाती काही लागलं नाही. माझं म्हणणं इतकंच की जी शक्ती मोजताना मावळते ती पोराला शोधतानाही मावळत असेल. तिथे तर तिच्यावर आईचा जीव टांगलेला असतो.

श्रद्धा ठेवू नका असं सांगायला मी बसलेलो नाही. पोर हरवलेल्या बापाला 'तिकडे जाऊ नका' म्हणायची माझी छाती नाही. जाऊ दे, दाणे टाकू दे. पण ठाण्यातल्या डायरीत त्या सांगण्याची वेळेसकट नोंद व्हावी. त्यावर किती माणसं, किती तास गेले तेही लिहावं. आणि तोवर बसस्थानकाचं फुटेज, मोबाइलचं लोकेशन, शाळेतले मित्र ही नेहमीची कामं थांबू नयेत. असं मी तेव्हा एका अधिकाऱ्याला म्हणालो होतो. ते म्हणाले, 'लिहिलं तर उद्या आम्हालाच विचारतील, याच्यामागे का गेलात.' यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला या विषयावर कुणाकडून मिळालेलं नाही.

या दिवाळीला मी एक लांब रजिस्टर आणलं. रकाने आखलेत: तारीख-वेळ, विचारलेला प्रश्न, आधी माहीत असलेलं, शब्दशः उत्तर, खात्री शंभरातली किती, सही. निकालाचा रकाना भरायला आमच्या हायस्कूलमधले निवृत्त गणिताचे सर तयार झालेत. सांगणाऱ्यांची नावं झाकून कागद त्यांच्याकडे जातील. येत्या निवडणुकीसाठी तिघांना विचारलं. तिघेही म्हणाले, का नाही, विचारा की. सहीचं आणि खात्रीच्या आकड्याचं सांगितल्यावर दोघे म्हणाले, बघू, सध्या ग्रहमान बरं नाही. तिसऱ्याने सही केली आणि समोर ८५ लिहिलं. निकाल लागला की त्याचं जे असेल ते इथेच लिहीन, बरोबर आलं तरी.